म्हैस घ्यायचीय: बचत गटाचं कर्ज काढावं की मायक्रोफायनान्सचं?

दोन्हीकडे बायकांचा गट असतो आणि दोन्हीकडे काही गहाण ठेवावं लागत नाही, म्हणून लांबून दोन्ही सारखेच वाटतात. पण मायक्रोफायनान्समध्ये, म्हणजे छोटी कर्जं देणाऱ्या कंपन्यांकडे, आधी कर्ज येतं, बचत गटात आधी बचत.

मायक्रोफायनान्सची पद्धत बांगलादेशची. १९७६ साली चितगावजवळच्या जोब्रा गावात अर्थशास्त्राचे प्राध्यापक मुहम्मद युनूस यांनी प्रयोग सुरू केला आणि १९८३ मध्ये त्यातून ग्रामीण बँक उभी राहिली. पाच जणींचा गट, दर आठवड्याला हप्ता. बचत गटाची पद्धत आपल्याकडची. कर्नाटकात मायराडा संस्थेने ऐंशीच्या दशकात असे गट बांधले, १९९२ मध्ये नाबार्ड या शेती आणि ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेने त्यांना बँकांशी जोडायला सुरुवात केली. महाराष्ट्रात माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) आणि उमेद (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) यांनी ते गावोगाव नेले.

व्याजात बचत गट सरळ पुढे आहे. उमेदच्या गटाला ३ लाखांपर्यंतचं बँक कर्ज ७ टक्क्यांनी मिळू शकतं. गटाच्या स्वतःच्या बचतीतून दिलेल्या अंतर्गत कर्जाला गट महिन्याला शेकडा दोन लावत असेल तर ते महागच, पण ते व्याज गटाच्याच पेटीत पडतं. मायक्रोफायनान्सचा दर सहसा वर्षाला २० टक्क्यांच्या पुढे. कंपनीचा माणूस ‘फ्लॅट’ दर, म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवरच धरलेला दर, सांगू लागला, तर घटत्या शिलकीवरचा, म्हणजे उरलेल्या कर्जावरचा दर कागदावर मागा.

वेळेच्या बाबतीत मात्र बचत गट मागे पडतो. नव्या गटाला साधारण सहा महिने नियमित बैठका, बचत, परतफेड आणि हिशोब दाखवावा लागतो, मग बँकेचा मॅनेजर फाइल उघडणार. कधी उघडणार, ते त्याच्या मर्जीवर.

हप्त्याचा विचार मात्र जनावराप्रमाणे करा. डेअरीचं बिल दहा दिवसांनी येत असेल तर म्हशीवर ठरावीक हप्ता जमतो, तरी भाकड काळाची तजवीज हवीच. बोकड बकरी ईदेला विकायचे असतील तर आठवड्याचा हप्ता कुठून भरणार? तिथे बचत गटच बरा, कारण अडचणीत मुदत वाढवायचं बैठकीत ठरवता येतं.

आणि जामीन. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांनी भरायचा, हा मायक्रोफायनान्सच्या गटातला सगळ्यात जाचक भाग. खुद्द ग्रामीण बँकेने २००२ च्या सुमारास आपली पद्धत बदलताना सामूहिक जबाबदारी काढून टाकली, आपल्याकडे ती अजून चालते. २०१० मध्ये आंध्रात वसुलीचा जाच इतका वाढला, की सरकारला अध्यादेश काढावा लागला.

माझं मत: चालू बचत गट हाताशी असेल तर म्हैस चार महिने उशिरा घ्या, पण त्यातूनच घ्या. गट बंद पडलेला असेल आणि डेअरी गावातच असेल, तर एकाच कंपनीचं छोटं कर्ज चालेल. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या ५० टक्क्यांवर जाता कामा नयेत. मी तर ३० वरच थांबेन. नवऱ्याच्या गाडीचा हप्ताही त्यातच धरा.