कंपनीच्या रुपयासाठी खिशातला काटा

ईस्ट इंडिया कंपनीची नाणी जमवणाऱ्यांकडे भिंग असते, अल्बम असतो, बहुधा एखादा जाडजूड कॅटलॉगही असतो; वजनकाटा मात्र क्वचितच आढळतो. २०० ग्रॅम क्षमतेचा आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा डिजिटल काटा ऑनलाइन बाजारात पाचशे रुपयांच्या आसपास मिळतो व सहज खिशात मावतो. अशाच एका बिननावाच्या काट्याचा वापर मी केवळ कंपनीच्या नाण्यांसाठी केला असून, हे परीक्षणही तेवढ्याच कामापुरते आहे.

या छंदात काटा उपयोगी पडतो याचे श्रेय १८३५ च्या नाणेकायद्याला द्यावे लागेल. त्यापूर्वी मुंबई, मद्रास आणि बंगाल या इलाख्यांची नाणी वेगवेगळी होती. या कायद्याने १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा आणि बारा भागांत अकरा भाग चांदी असलेला रुपया कंपनीच्या सर्व मुलखासाठी ठरवून दिला. हे वजन म्हणजे जुना एक तोळा. अर्धा रुपया ५.८३ ग्रॅम, पाव रुपया २.९२ ग्रॅम आणि तांब्याचा पाव आणा १०० ग्रेन, अर्थात ६.४८ ग्रॅम, हे आकडे एकदा पाठ झाले की चौथ्या विल्यमचा किंवा १८४० चा व्हिक्टोरियाचा रुपया हाती येताच पहिला प्रश्न विक्रेत्याला नव्हे तर काट्याला विचारता येतो. हातोहात फिरून झिजलेला रुपया साडेअकरा ग्रॅमच्या आतबाहेर भरला तर त्यात वावगे काही नाही. पण चेहऱ्याचे केस आणि अक्षरांच्या कडा शाबूत असताना तो साडेदहा भरत असेल, तर व्यवहार तिथेच थांबवावा.

नुसत्या वजनाला फसवणे मात्र अवघड नाही, कारण जाडी थोडी वाढवली की हलक्या धातूचे नाणेही ११.६६ भरते. अशा वेळी काट्याची खरी किंमत कळते. प्लास्टिकच्या लहान पेल्यात अर्ध्याहून अधिक पाणी घ्यावे, पेला काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणावा आणि बारीक दोऱ्याला बांधलेला रुपया पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा बाजूला टेकणार नाही, असा हाताने धरून ठेवावा. काटा जो आकडा दाखवतो तो नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचा. कंपनीच्या अस्सल चांदीच्या पूर्ण वजनाच्या रुपयाला तो १.१३ च्या जवळपास येतो. जर्मन सिल्व्हरचा, म्हणजे नावापुरतीच चांदी असलेल्या तांबे-निकेल-जस्ताच्या मिश्रधातूचा, तितक्याच वजनाचा रुपया १.३० च्या पुढे जातो. नाण्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे आधी झटकून टाकावेत, नाहीतर चांगल्या नाण्यावर उगाच संशय येतो. शेवटी नाणे मऊ कापडाने टिपावे, घासू नये.

या चाचणीच्या वेळीच काट्याचा सर्वांत मोठा दोष समोर येतो. बटण दाबले नाही तर तो साधारण मिनिटभरात आपोआप बंद होतो, शून्याची नोंद पुसली जाते आणि दोरा हातात धरलेला असताना सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. पंख्याच्या वाऱ्याने शेवटचा आकडा नाचत राहतो. काटा बरोबर चालतो की नाही हे पडताळण्याचे १०० ग्रॅमचे वजन खोक्यात दिलेले नाही, ही कंजुषी खटकते. ते विकत घेईपर्यंत २०११ पासूनच्या मालिकेतले दहा रुपयांचे नवेकोरे नाणे ठेवून पाहावे; त्याचे ठरलेले वजन ७.७१ ग्रॅम आहे. कॅरट, औंस वगैरे इतर मापे आमच्या काही कामाची नाहीत.

काट्याकडून अपेक्षा कुठपर्यंत ठेवायची हेही सांगायला हवे. दागिन्यातून सोडवलेल्या रुपयावरचा कडीचा डाग भिंगालाच दिसतो. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या, तिच्या व्हीओसी या आद्याक्षरांची मुद्रा असलेल्या ड्युइट या तांब्याच्या लहान नाण्याचे वजन झिजेमुळे इतके मागेपुढे असते की तिथे काट्यापेक्षा ढालीवरचे प्रांतचिन्ह आणि सालाचे आकडे नीट पाहणे बरे. १८०९ साली इंग्लंडजवळच्या गुडविन वाळूपट्ट्यावर बुडालेल्या ‘ॲडमिरल गार्डनर’ जहाजातून निघालेल्या मद्रासच्या १० आणि २० कॅशच्या (कॅश हे तिकडचे तांब्याचे लहान चलन) नाण्यांनाही हेच लागू. समुद्राने खाल्लेल्या तांब्याचे वजन काही सिद्ध करत नाही.

आणि रामदरबार किंवा हनुमान छापलेल्या, १८१८ हे साल मिरवणाऱ्या त्या ‘कंपनीच्या आण्यां’पुढे तर काटा हतबलच आहे. असे नाणे कंपनीने कधी पाडलेलेच नाही, तेव्हा त्याचे वजन ताडून पाहायचे तरी कशाशी? मद्रासकडे कंपनीने पाडलेल्या ‘पगोडा’ नावाच्या नाण्यांवर देवमूर्ती खरोखरच होत्या, म्हणूनही कदाचित या बनावट तुकड्यांवर लोकांचा विश्वास बसत असावा. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीत आपले नाव वापरून होणाऱ्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेनेही २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता.

केवळ तांब्याचे पैसे आणि ड्युइट जमवणाऱ्याने या काट्यावर खर्च करण्याची घाई करू नये. १८३५ नंतरचे चांदीचे रुपये घेणाऱ्याने मात्र तो पुढच्या खरेदीच्या आधी घ्यावा, आणि निवडताना आपोआप बंद होण्याची वेळ वाढवता येणारा किंवा ती सोय पूर्णपणे बंद करता येणारा नमुना पाहावा, मग त्यासाठी शंभर-दोनशे रुपये जास्त पडले तरी चालतील.