भयकथा ‘मी’ने सांगावी की ‘तो/ती’ने?

पहिली अडचण जिवाची. ‘मी’ भूतकाळात बोलतोय म्हणजे तो वाचला, असं वाचक पहिल्याच ओळीत धरून चालतो. त्यामुळे धोका जिवाला नको, मनाच्या तोलाला किंवा घरच्या माणसाला हवा. ‘तो’ कुठल्याही पानावर मरू शकतो.

लपवाछपवीत मराठी व्याकरण मजा आणतं. ‘मी गेलो’, ‘मी गेले’ म्हणताच निवेदक पुरुष की बाई हे उघड होतं. पण ‘मी दार उघडलं’, ‘मला चाहूल लागली’ यातून काहीच फुटत नाही. अशा वाक्यांवर दोन-तीन पानं सहज निभतात. ‘त्याने’, ‘तिने’ मात्र लगेच चुगली करतात. उलट ‘मी’ला ठाऊक असलेली गोष्ट शेवटपर्यंत दडवली, तर वाचक चिडतो, आणि बरोबरच आहे.

‘तो’मध्ये हमखास होणारी चूक: एकाच्या नजरेतून सांगता सांगता मध्येच दुसऱ्या पात्राच्या डोक्यात शिरणं. खोलीत दोन पुरुष असले की ‘त्याने त्याच्याकडे पाहिलं’ असा गोंधळही होतो, नावं वापरा.

एकच माणूस, एकच घर, हजार-दीड हजार शब्द आणि शंका स्वतःच्याच डोक्यावर: ‘मी’. वाडाभर माणसं, एकेक गळणारी: ‘तो’. ठरत नसेल तर पहिलं पान दोन्ही तऱ्हांनी लिहून मोठ्याने वाचा.