फास्टॅगचा वार्षिक पास: लग्नसराई, नोकरी आणि पुणे–कोल्हापूर रस्ता

राष्ट्रीय महामार्गांवरच्या टोलसाठी फास्टॅगचा वार्षिक पास १५ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाला आणि त्या दिवाळीच्या आधीच आम्ही तो ३,००० रुपये भरून घेतला. मधे अख्खी लग्नसराई गेली, गाडी भरपूर पळाली, त्यामुळे आता खात्रीनं लिहिते आहे. ज्यांचं माहेर, सासर आणि काम एकाच राष्ट्रीय महामार्गावर ओळीनं लागतं, त्यांनी हा पास डोळे झाकून घ्यावा. बाकीच्यांनी आधी आपल्या वाटेवरचे टोलनाके मोजावेत. वर्षाला गाडी किती किलोमीटर चालते याला इथे काही महत्त्व नाही.

आम्ही राहतो पुण्यात. माझं माहेर कराड, सासर कोल्हापूर. कारखान्यांमधल्या मोजमापाच्या उपकरणांचं कॅलिब्रेशन, म्हणजे ती अचूक मोजतात ना हे तपासणं, हे माझं काम, त्यामुळे सातारा एमआयडीसी आणि कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फाउंड्र्या (ओतकामाचे कारखाने) ठरलेल्या. पुण्याहून कोल्हापूरला निघालं की खेड-शिवापूर, आणेवाडी, तासवडे आणि किणी असे चार नाके लागतात. पासात २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, यातलं जे आधी संपेल ते. फेरी म्हणजे जाऊन येणं नव्हे, या रस्त्यावर एक नाका एकदा ओलांडला की एक फेरी गेली. म्हणजे कोल्हापूरला जाऊन-येऊन ८, कराडला ६, साताऱ्याला ४. सगळ्या २०० फेऱ्या वापरल्या तर आम्ही भरलेल्या ३,००० रुपयांत एक नाका १५ रुपयांना पडतो. एरवी कारला या रस्त्यावर एकेका नाक्यावर किती पैसे कापले जातात हे नेहमी जाणाऱ्यांना सांगायला नको.

पण पैशाचं गणित सोडून मला खरं सांगायचंय ते वेगळंच. नणंदेच्या मुलीच्या लग्नाचा आठवडा होता. आठवड्याच्या सुरुवातीला साताऱ्यात एका कारखान्याचं ऑडिट, ते पुढे ढकलणं शक्यच नव्हतं. बुधवारी कराडला आत्याच्या पंचाहत्तरीची शांत. गुरुवारी पुण्यात मुलाचा पेपर. शुक्रवारी कोल्हापुरात देवक आणि हळद, शनिवारी लग्न, रविवारी सत्यनारायण, आणि सोमवारी सकाळी पुन्हा पुण्याच्या ऑफिसात हजर. आधी असा आठवडा आला की आमच्या घरी एकच बोलणं व्हायचं: "दोन दिवसांनी त्याच रस्त्यानं जायचंच आहे, मग मधे परत कशाला?" आणि त्यात कापला जायचा तो माझ्या माहेरचा कार्यक्रम. लग्न चुकवता येत नाही, ऑफिस चुकवता येत नाही, राहता राहिली आत्या. कॉलेजची वर्षं मी तिच्या घरी राहून काढली, तरी तिच्या घरच्या कितीतरी कार्यक्रमांना मी नुसता फोन केला होता.

या वेळी बुधवारी पहाटे निघालो, शांतीला बसलो, पंक्तीत वाढलं आणि रात्री पुण्यात परत. पेट्रोल लागलंच, ते कुठे चुकतंय. पण टोलचे पैसे वर्षाच्या सुरुवातीलाच भरून झालेले असल्यामुळे "जाऊ की नको"च्या चर्चेतून तो विषयच निघून गेला. आमच्यासारख्या हिशेबानं चालणाऱ्या घरात हा फरक मोठा आहे. आत्या मला बघून म्हणाली, "अगं, शुक्रवारी परत याच रस्त्यानं जायचंय ना तुला?" या एका वाक्यासाठी माझे ३,००० रुपये वसूल झाले.

आता तक्रारी. पास घेतला म्हणून रांग चुकत नाही. लेन तीच, गर्दी तीच. रविवारी संध्याकाळी खेड-शिवापूरला जेवढं थांबायचो तेवढंच आजही थांबतो. खंबाटकीत मालट्रक बंद पडला किंवा सहापदरीकरणाच्या कामासाठी वाहतूक सेवा रस्त्यावर वळवली, तर तुमच्याकडे कुठला पास आहे हे कोण विचारणार?

दुसरं, हा पास फक्त राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवरच्या नाक्यांवर चालतो. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी, अटल सेतू इथे नेहमीसारखे फास्टॅगच्या खात्यातून पैसे जातात. त्यामुळे पास आहे म्हणून खातं रिकामं ठेवू नका. ज्यांचं सगळं येणं-जाणं पुणे–मुंबईच आहे त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. उलट निपाणी-बेळगावकडे गेलात तर राज्य बदललं तरी पास चालतो, कोगनोळीच्या नाक्यावरही.

तिसरं, पास गाडीच्या नंबराला बांधलेला असतो. लग्नात वऱ्हाडातली ज्येष्ठ मंडळी बसावीत म्हणून दिरांची मोठी गाडी काढली, तिला आमच्या पासाचा काही उपयोग झाला नाही. पिवळ्या पाटीच्या गाडीला तो मिळतच नाही. फास्टॅग नुसत्या चॅसी नंबरावर (गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला नंबर) नोंदलेला असेल तर आधी गाडीचा नंबर नोंदवून घ्यावा लागतो, नवी गाडी घेतलेल्यांनी हे आवर्जून तपासावं. वर्ष संपलं की उरलेल्या फेऱ्या वाया जातात.

माझ्या मावसभावाला मी स्पष्ट नको म्हणून सांगितलं. तो पेठ नाक्याजवळ राहतो, नोकरी कराडला. रोज महामार्गावर असतो, पण त्या टप्प्यात टोलनाका एकही नाही. तासवडे कराडच्या अलीकडे, म्हणजे पुण्याच्या बाजूला, आणि किणी पेठच्या पुढे. सांगलीला जाणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं. पेठहून आत वळलं की किणी लागतच नाही, म्हणजे पुणे–सांगलीला एका बाजूनं तीनच फेऱ्या जातात. वाईला जाणाऱ्यांना तर सुरूर फाट्यापर्यंत खेड-शिवापूर हा एकच नाका.

घेण्याची पद्धत सोपी आहे. राजमार्गयात्रा ॲपमध्ये गाडीचा नंबर टाकायचा, पैसे भरायचे, आहे त्याच फास्टॅगवर पास चालू होतो. नवा स्टिकर लागत नाही. किती फेऱ्या उरल्या तेही तिथेच दिसतं. आमच्याकडे ते बघायचं काम मुलानं आपणहून घेतलंय. चालू व्हायला दोनेक तास लागू शकतात, म्हणून सकाळी गाडीत बसल्यावर नाही, आदल्या संध्याकाळी घ्या. आणि २०० फेऱ्या वर्षाआधीच संपल्या तर वर्ष भरायची वाट बघायला नको, लगेच नवा पास घेता येतो. आमच्या फेऱ्या ज्या वेगानं संपताहेत ते बघता मला तो वर्षाआधीच घ्यावा लागणार, आणि मी घेणार आहे.