मुरगाव बंदरात उतरलेली ट्रायम्फ

"पोर्तुगीज अमदानीतली गाडी आहे, १९६० साली मुरगाव बंदरात उतरली." दलालाच्या या एका वाक्यावर विश्वास ठेवून मी चार लाख वीस हजार मोजले. गाडी होती ट्रायम्फ स्पिटफायर, ब्रिटिश बनावटीची स्पोर्ट्स कार. ती लोकांपुढे पहिल्यांदा आली ती ऑक्टोबर १९६२ मध्ये, लंडनच्या मोटार प्रदर्शनात. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ रोजी. म्हणजे पोर्तुगीज गोव्यात ही गाडी उतरणं शक्यच नव्हतं. या दोन तारखा मी पैसे दिल्यावर जुळवून पाहिल्या.

हळदोण्यात एका जुन्या घरामागे, झावळ्यांच्या छपराखाली ती उभी होती. दोन दारांची, उघड्या टपाची, लालभडक. किती वर्षं बंद, ते कुणीच नीट सांगेना. म्हापशाचा दलाल म्हणाला, "भाऊ, इंजिन फक्त जाम आहे. कार्बोरेटर साफ केले की लागेल." बॉनेट उचलून त्याने इंजिनाला हवा-पेट्रोलचं मिश्रण देणारे दोन एसयू कंपनीचे कार्बोरेटर दाखवले, खऱ्या स्पिटफायरला असतात तसेच. ते बघूनच माझं मन बसलं. बयाणा त्याच दिवशी दिला, बाकी रोख. पावतीवर त्याने लिहिलं, 'जुनी गाडी, आहे त्या स्थितीत'.

फोंड्याच्या मेस्त्रींनी इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण उतरवलं, सिलिंडरचा व्यास मोजला आणि मला जवळ बोलावलं. ६३ मिलिमीटर. सुरुवातीच्या स्पिटफायरचं इंजिन ११४७ सीसीचं, त्याचा बोअर, म्हणजे हाच व्यास, ६९.३. माझ्या गाडीत होतं ते ९४८ सीसीचं, मद्रासला बनणाऱ्या स्टँडर्ड हेराल्ड या मोटारीचं. स्पिटफायर मुळात हेराल्डच्याच भागांवरून घडवलेली, त्यामुळे ते इंजिन तिच्यात सहज बसतं. वर दोन कार्बोरेटर चढवले की माझ्यासारख्याला काय कळणार? इंजिनाचा क्रमांक 'एफसी' या अक्षरांनी सुरू व्हायला हवा होता. ती जागा घासून तिथे रंग मारलेला होता.

मग मेस्त्रींनी दारांखालच्या सिलवर, म्हणजे पत्र्याच्या आडव्या पट्टीवर, लोहचुंबक लावलं. चिकटलंच नाही. पत्र्याऐवजी बोटभर जाडीची लांबी (पुट्टी) आणि वर ताजा रंग. या गाडीत सिल शोभेची नसते, तिच्यावर बॉडीचा ताठपणा अवलंबून असतो. आपल्याकडची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस पत्रा आतून खातो, बाहेरून काही दिसत नाही. दार उघडलं की ते खाली लोंबायचं, परत लावताना उचलावं लागायचं. हे मी हळदोण्यातच पाहिलं होतं. बिजागरी झिजली असेल असं दलालाने सांगितलं आणि मी मानलं.

माझी खरी चूक हिशेबाची. मी तयार, चालत्या गाडीची किंमत धरली आणि त्यातून इंजिन उघडण्याचे साठ हजार वजा केले. बंद गाडीत जे चालवून दाखवता येत नाही ते सगळं मोडलेलं धरायला हवं होतं: गिअरबॉक्स, डिफरन्शियल, ब्रेक, वायरिंग. त्यात पत्र्याचं काम वेगळं. तसा हिशेब केला असता तर दीड लाखाच्या वर मी गेलोच नसतो.

कागदांचं दुखणं अजून संपलेलं नाही. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते, नवीन नोंदणीचं शुल्क वीस हजार. पण गाडी मूळ रूपात हवी. दुसऱ्याच गाडीचं इंजिन घालून मी कुठल्या तोंडाने अर्ज करू?

तोच दलाल आता बार्देशात आणखी एक बंद गाडी दाखवतोय, हिरवी, तीही म्हणे 'पोर्तुगीज काळातली'. कुणी बघायला जाणार असाल तर आधी मला सांगा. लोहचुंबक आणि मोजपट्टी घेऊन मी बरोबर येईन, मेस्त्रींनाही आणेन.