पूर्णवेळ संचालक की स्वतंत्र संचालक?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या एका काकांना निवृत्तीनंतर दोन बोलावणी आली: मकरपुऱ्यातल्या बोल्टच्या कारखान्यात पूर्णवेळ संचालक, किंवा शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत स्वतंत्र संचालक, म्हणजे रोजच्या कारभारात नसलेला, बाहेरून देखरेख करणारा. दुसरं म्हणजे नुसता चहा-बिस्किटांचा मान, असं घरच्यांचं मत.

तसं नाही. 2013 च्या कंपनी कायद्याचं कलम 166 दोघांनाही लागू आहे. भागधारकांबरोबर कामगार, समाज, पर्यावरण यांचंही हित पाहायचं. 1956 च्या कायद्यात अशी यादीच नव्हती.

पूर्णवेळवाल्याच्या गळ्यात मात्र रोजचा व्यवहार. युरोपला बोल्ट पाठवायचे तर त्यामागचं कार्बन उत्सर्जन मोजून द्यावं लागतं, आणि 2026 पासूनच्या मालावर तिकडच्या आयातदाराला त्याचे पैसेही मोजावे लागणार. पोलाद कुठल्या भट्टीतून आलं, ही चौकशी आता खरेदी खात्यावर सोडून चालत नाही.

स्वतंत्र संचालकाला कलम 149 ची ढाल आहे: माहीत असून संमती दिली किंवा हलगर्जी केली, तरच तो अडकतो. पण बैठकीत विचारलेला प्रश्न इतिवृत्तात नोंदवून घेतला नसेल, तर ‘मी विचारलं होतं’ हे दाखवणार कसं?

मी पहिलं घेईन. निदान कारखान्यात काय चाललंय ते डोळ्यांनी दिसतं. काकांना दुसरंच हवं असेल, तर होकार देण्याआधी संचालकांचा विमा, म्हणजे कामावरून दावा झाला तर खर्च उचलणारा, काढलाय का, ते विचारावं.