मारखा की त्सुम? हिमालयातल्या दोन खोऱ्यांपैकी एक निवडताना

सह्याद्रीतले गडकिल्ले पालथे घालून झाले, हिमालयातली एकदोन शिबिरंही झाली. आता तंबूंच्या रांगेत नाही, तर लोकांच्या घरी मुक्काम करत एखाद्या दूरच्या खोऱ्यातून चालायचं आहे, असं म्हणणारे ट्रेकर हल्ली बरेच भेटतात. त्यांच्या यादीत बहुतेक वेळा दोन नावं वर असतात: लडाखमधलं मारखा खोरं आणि नेपाळच्या गोरखा जिल्ह्यातलं त्सुम खोरं. दोन्हीकडे तिबेटी बौद्ध संस्कृती आहे. जवाची शेतं, मणीच्या (प्रार्थनेच्या दगडांच्या) भिंती, कड्याला चिकटलेले गोंपा म्हणजे बौद्ध मठ दोन्हीकडे दिसतात. फोटो शेजारी शेजारी ठेवले तर निवड होणार नाही आणि फोटोंवरून ती करूही नये असं मला वाटतं. आपला पैसा कुणाच्या हाती पडतो आणि आपल्या जाण्याने त्या गावाच्या पाण्यावर, सरपणावर, रोजच्या कामांवर किती भार पडतो, हे आधी बघावं. डोंगर दोन्हीकडे देखणेच आहेत.

आधी सुट्टीचं बोलू, कारण निम्म्या लोकांचा निर्णय तिथेच होतो. मारखाचा हंगाम जून अखेर ते सप्टेंबर. लडाख पर्जन्यछायेत असल्याने आपल्याकडे श्रावणसरी कोसळत असताना तिथे ऊन असतं. उलट त्याच दिवसांत त्सुमकडे नेणाऱ्या बुढीगंडकी नदीच्या घळीत दरडी कोसळतात आणि वाटेवर जळवा असतात. त्सुमला जावं ते मार्च ते मेच्या मध्यापर्यंत, नाहीतर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. म्हणजे दिवाळीची सुट्टी त्सुमला फिट बसते आणि गणपतीच्या आगेमागे रजा मिळत असेल तर मारखा. दिवसांचा हिशोबही वेगळा आहे. चिलिंगहून निघून कोंगमारू ला (‘ला’ म्हणजे खिंड) ओलांडून शांग सुमदोला उतरायला पाच-सहा दिवस पुरतात, लेहचे दिवस धरून दहा दिवसांत घरी येता येतं. त्सुमला काठमांडूपासून काठमांडूपर्यंत दोन आठवडे तरी हवेतच आणि थोडे जास्त असतील तर बरं. दोन आठवड्यांचं खोरं दहा दिवसांत उरकायला जे जातात, त्यांना गावं फक्त मुक्कामाची ठिकाणं म्हणून दिसतात.

उंचीच्या बाबतीत मात्र बऱ्याच जणांचा अंदाज उलटा असतो. मारखा छोटा म्हणून सोपा आणि त्सुम लांब म्हणून अवघड असं धरलं जातं. खरं पाहता मुंबई-पुण्याहून विमानाने निघालेला माणूस त्याच दिवशी लेहला 3,500 मीटरवर उतरतो. आपलं कळसूबाई 1,646 मीटर आहे. त्याच्या दुपटीहून जास्त उंची शरीराला काही तासांत पेलावी लागते. पुढे निमालिंगचा मुक्काम साधारण 4,800 मीटरवर आणि कोंगमारू ला ही खिंड 5,200 मीटरच्या आसपास. लेहमध्ये किमान दोन पूर्ण दिवस काहीही न करता काढणं हा इथला पहिला नियम. त्सुमची वाट हजार मीटरच्याही खालून, केळीच्या बागा आणि भातशेतीतून सुरू होते आणि रोज थोडी थोडी चढत मू गोंपाला 3,700 मीटरवर पोचते. गुडघ्यांचा कस लागतो, पण डोकं सहसा दुखत नाही. उंचीचा त्रास झाल्याचा पूर्वानुभव असेल, किंवा सोबत साठीतले आईवडील असतील, तर मी त्सुमच सुचवेन.

आता मुख्य मुद्दा, पैशाचा.

मारखा खोरं हेमिस राष्ट्रीय उद्यानात येतं. 1981 साली स्थापन झालेलं हे उद्यान साधारण 4,400 चौरस किलोमीटरचं आहे, देशातलं सगळ्यात मोठं. हिमबिबट्यांसाठी ते प्रसिद्ध आहे. पण बाहेरच्यांना ज्याचं अप्रूप, तो हिमबिबट्या गावकऱ्याच्या गोठ्यात रात्री शिरला तर एका फेरीत डझनभर शेळ्यामेंढ्या मारून जातो. मग त्या घराला त्याच्याबद्दल प्रेम का वाटावं? या प्रश्नाचं व्यवहारी उत्तर म्हणून 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत इथे होमस्टेची योजना सुरू झाली. रिंचेन वांगचुक आणि हिमबिबट्यांसाठी काम करणारी स्नो लेपर्ड कॉन्झर्व्हन्सी ही संस्था यांनी गावकऱ्यांबरोबर बसून ती आखली. ज्यांची जनावरं जातात त्यांच्याच घरी पाहुणे उतरावेत, गोठ्यांना जाळीचं छत यावं आणि मिळकतीचा काही भाग गावाच्या निधीत जावा, असा तिचा गाभा. रुंबकसारख्या हाताच्या बोटांवर मोजावीत इतक्या घरांच्या गावात पाहुणे पाळीपाळीने वाटून दिले जातात. आज या घराचा नंबर, उद्या शेजारच्या. दर गावाने ठरवलेला असतो.

म्हणून मारखाला गेल्यावर घर निवडायचा हट्ट करू नये. ‘त्या घराची गच्ची छान आहे, तिथेच राहू’ असं म्हणून पाळी मोडली की एका घराचा नंबर बुडतो आणि शेजाऱ्यांत कुरबुर मागे राहते. घासाघीसही नको. संध्याकाळी स्वयंपाकघरात बसावं. मधोमध नक्षीची लोखंडी चूल, भिंतीवर तांब्यापितळेची भांडी ओळीने मांडलेली, आणि आमा-ले म्हणजे घरातली आई चुलीशी बसून स्क्यू या लडाखी जेवणासाठी कणकेच्या गोळ्या अंगठ्याने दाबत असतात. त्या भांड्यांमागेही एक गोष्ट आहे. चिलिंग हे तांबटांचं गाव, आणि तिथल्या कारागिरांचे पूर्वज लेहजवळच्या शे इथली बुद्धमूर्ती घडवायला 17व्या शतकात नेपाळहून आणले गेले असं सांगतात. मिठाच्या लोणीचहाचा पेला दर घोटानंतर पुन्हा भरला जातो. नको असेल तर पेला भरलेलाच राहू द्यावा आणि निघताना संपवावा, हा तिथला शिरस्ता.

त्सुममध्ये पैशाची वाट लांबची आहे. नेपाळसाठी आपल्याला व्हिसा लागत नाही, पण त्सुम हा तिबेटच्या सीमेला लागून असलेला प्रतिबंधित भाग आहे. परदेशी पाहुण्यांना तो 2008 मध्ये खुला झाला. त्यासाठी वेगळा परवाना लागतो, तो आठवड्याच्या हिशोबाने डॉलरमध्ये मोजला जातो आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर महाग असतो. शिवाय मनास्लू संरक्षित क्षेत्राचं शुल्क. परवाना नोंदणीकृत एजन्सीमार्फतच निघतो आणि सोबत गाईड असावा लागतो. या बंधनांचा फायदा उघड आहे: गर्दी कमी. तोटा असा की तुमच्या खर्चातला मोठा वाटा काठमांडूतच थांबतो. त्सुमच्या घरात किती पोचेल हे तुम्ही एजन्सीशी काय ठरवता त्यावर अवलंबून राहतं. मारखात ही व्यवस्था गावाने बसवलेली आहे, त्सुममध्ये ती तुम्हाला स्वतः बसवून घ्यावी लागते. दोन्हींतला सगळ्यात मोठा फरक मला हाच वाटतो.

मग त्सुमला का जावं? तिथल्या शपथेसाठी. 1920 साली या खोऱ्यातल्या लोकांनी लामांच्या साक्षीने ‘शाग्या’ म्हणजे अहिंसेचा करार केला. शिकार करायची नाही, जनावर कापायचं नाही, कसायाला विकायचं नाही, मधासाठी पोळी जाळायची नाही, जंगलाला आग लावायची नाही. ही शपथ गावं आजही पाळतात. वाटेच्या वर भरलांचा (निळ्या मेंढ्यांचा) कळप चरत असतो आणि माणूस दिसला तरी उधळत नाही. शंभरहून जास्त वर्षं इथे शिकारीला बंदी आहे. अशा खोऱ्यात सोबत सुकटीची चटणी किंवा मांसाचे डबे घेऊन जाणं, लॉजवर ‘कोंबडी मिळेल का’ विचारणं, हे यजमानाच्या देवघरात चपला घालून शिरण्यासारखं आहे. गाईड किंवा भरिया (सामान वाहणारा हमाल) कदाचित हसून सोडून देईल, पण घरातली दिदी ते विसरणार नाही. दोन आठवडे डाळभात, फापराची (कुट्टूची) भाकरी, बटाटे आणि त्साम्पा म्हणजे भाजलेल्या जवाच्या पिठावर आनंदाने राहता येत असेल तरच त्सुम निवडावं. आपल्याकडे चातुर्मास पाळणाऱ्या घरांतून आलेल्यांना हे मुळीच जड जात नाही.

त्सुमला धार्मिक खोलीही जास्त आहे. तिबेटी संतकवी मिलारेपाने जिथे ध्यान केलं असं मानतात ती पिरेन फू गुहा, राचेनचा भिक्षुणींचा मोठा गोंपा, गावाच्या तोंडाशी आत चित्रं रंगवलेल्या कानी वेशी. हे खोरं म्हणजे गुरू पद्मसंभवाने दडवून ठेवलेली पुण्यभूमी आहे अशी लोकांची श्रद्धा आहे. गोंपात पहाटेच्या पूजेला मागे बसू देतात. फोटोबद्दल आधी विचारावं, आतल्या मूर्तींचे न काढलेलेच बरे. 2015 च्या भूकंपाचं केंद्र याच गोरखा जिल्ह्यात बारपाकजवळ होतं. इथली घरं आणि गोंपा तेव्हा पडले, आणि लोकांनी दगड पाठीवर वाहून ते पुन्हा उभे केले. गोंपाच्या दानपेटीत टाकलेला पैसा थेट खोऱ्यात राहतो, एवढं लक्षात असू द्यावं. वाटेत मुलांच्या हातावर चॉकलेटं ठेवण्याची सवय मात्र दोन्ही खोऱ्यांत टाळावी.

मणीची भिंत आली की ती उजव्या हाताला ठेवून चालायचं, देवळातल्या प्रदक्षिणेसारखंच. आपल्या लोकांना हे सांगावं लागत नाही. पण त्या भिंतीवर सॅक टेकवून बसलेले लोक मी पाहिलेत. त्या दगडांवर मंत्र कोरलेले असतात.

पाणी आणि कचरा हा लडाखचा फार नाजूक विषय. लेहला वर्षाला जेमतेम 100 मिलिमीटर पाऊस पडतो. मारखाच्या गावांतलं शेत, जनावरं, माणसं सगळी वितळणाऱ्या बर्फावर जगतात. शेजारच्या स्तोक कांगरी शिखरावर गर्दी इतकी वाढली की गावाच्या पिण्याच्या पाण्याच्या उगमाशी घाण साचली आणि 2020 पासून ते शिखर चढाईला बंद करावं लागलं. लेहच्या महिलांनी प्लास्टिकच्या पिशव्यांवर 1998 मध्येच बंदी आणवली होती, हेही आठवावं. म्हणून होमस्टेत गरम पाण्याची बादली मागू नये आणि झऱ्यात साबण लावू नये. शौचालय कोरडं असतं. दुमजली खोली, वरच्या जमिनीत चौकोनी भोक, कोपऱ्यात माती-राखेचा ढीग आणि फावडं. झाल्यावर दोन फावडी माती टाकायची, पाणी ओतायचं नाही. खालचं खत वसंतात शेतात जातं, त्यामुळे त्यात सॅनिटरी पॅड किंवा वेट वाइप टाकला तर तो कुणीतरी हाताने शेतातून वेचतो. आपला असा कचरा पिशवीत बांधून लेहपर्यंत आणायचा. त्सुममध्ये पाणी मुबलक आहे, तिथे ताण सरपणावर येतो. संध्याकाळी आंघोळीला पाणी तापवायला सांगणं म्हणजे जंगलातली लाकडं. दोन्हीकडे बाटलीबंद पाणी विकत घेऊ नये, गाळणी किंवा गोळ्या सोबत ठेवाव्यात.

आणि गट लहान ठेवा, ही माझी आग्रहाची विनंती. आपल्याकडे तीस-चाळीस जणांचा ट्रेक ही नेहमीची गोष्ट आहे, पण दहा घरांच्या गावात तीस माणसं उतरली की गावाची चूल आणि पाण्याचा हंडा दोन्ही पुरत नाहीत. ऑगस्ट-सप्टेंबर ही मारखात कापणीची वेळ असते. यजमान दिवसभर शेतात राबून येतात. सहा ते आठ जण, अंधाराच्या आत मुक्कामाला पोचलेले, स्पीकर न लावणारे, एवढं तरी पाळावं. त्सुममध्ये भरियाच्या पाठीवर किती ओझं आहे ते स्वतः उचलून बघावं. तीस किलोच्या वर नकोच, त्यात त्याचं स्वतःचं सामानही धरा. त्याच्याकडे बूट, जाकीट आणि विमा आहे की नाही हे निघण्याआधी विचारायचं असतं.

रस्ते दोन्हीकडे पोचत आहेत. चिलिंगच्या पलीकडे गाडीरस्ता मारखाच्या खोऱ्यात शिरला आहे, आणि बुढीगंडकीच्या बाजूने जीप माछाखोलापर्यंत जाते. गावकऱ्यांसाठी आजारी माणसाला दवाखान्यात नेता येणं ही मोठी गोष्ट आहे, त्याबद्दल ट्रेकरनी हळहळू नये. धूळ टाळायची असेल तर मारखासाठी रुंबककडून गांडा ला ओलांडून येणारी जुनी वाट घ्यावी.

माझा कौल असा. पहिल्यांदाच असं खोरं चालणार असाल, दहा दिवस असतील, उंची मानवत असेल, तर मारखा. तिथे गावाने बसवलेली घडी आहे आणि ती पाळली तरी पुरे, एजन्सीशिवायही नीट जाता येतं. लेहमध्ये आपलं प्रीपेड सिम चालत नाही आणि आत गेल्यावर रोख पैसेच लागतात, तेवढी तयारी ठेवा. दोन-अडीच आठवडे असतील, मांस-मच्छी सोडायची तयारी असेल, खिंड ओलांडण्यापेक्षा गोंपात चार तास बसायची ओढ जास्त असेल, तर त्सुम. दिवाळीत त्सुमला जायचं ठरलं तर एजन्सीला पहिल्याच मेलमध्ये विचारा: गाईड गोरखा जिल्ह्यातला किंवा त्सुमचाच मिळेल का, वरच्या त्सुममध्ये तंबूऐवजी घरात मुक्काम असेल का, भरियाचा विमा कुणाच्या नावे आणि किती रकमेचा? उत्तरात टाळाटाळ दिसली तर दुसरी एजन्सी बघा, काठमांडूत त्यांची कमी नाही.