शेतातल्या मुलाखतींसाठी माईक: वायरचा कॉलर माईक, छोटा शॉटगन की वायरलेस?

मी मोबाईलवर शूट करतो, शेतकऱ्यांच्या मुलाखती, जास्त करून तासगाव भागातल्या द्राक्षबागांमधल्या. हे तिन्ही प्रकार तिथंच वापरलेत, त्यामुळे पुढचं सगळं त्या कामापुरतं धरा, घरात बसून पॉडकास्ट करणाऱ्यांचा हिशोब वेगळा असतो.

शॉटगनचं आधी उरकतो. फोनवर बसवायचा छोटा शॉटगन, म्हणजे ज्या दिशेला धरला तिकडचा आवाज जास्त पकडणारा नळीसारखा माईक, दिसायला एकदम प्रोफेशनल, कुणाच्या अंगाला काही लावायला नको, हा मोठा फायदा. पण माणूस कमरेपर्यंत फ्रेममध्ये घ्यायचा म्हटलं की माईक दीड-दोन मीटर लांब राहतो, आणि उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलनं पडतो. मग गेन, म्हणजे रेकॉर्डिंगची आवाजाची पातळी, वाढवायचा, आणि गेन वाढवला की मागचं सगळं वर येतं. लोकांना वाटतं शॉटगन म्हणजे फक्त समोरचं ऐकणार, पण एवढ्याशा नळीला फवारणीचा ब्लोअर नाहीतर बोअरच्या मोटरीसारखे जाड आवाज अडवता येत नाहीत. त्यात ट्रॅक्टर बोलणाऱ्याच्या मागंच उभा असेल तर तो पण समोरच झाला ना. कात्रीचा आवाज, पाखरं, पाण्याचा आवाज असं काही घ्यायला मी अजून वापरतो, मुलाखतीला नाही.

आता खरी लढत. बोया बीवाय-एम१ सारखा वायरचा कॉलर माईक हजाराच्या आसपास मिळतो, ६ मीटर वायर, फोनला लावला तर आतल्या बटण सेलची पण गरज नाही, चार्जिंगचा विषयच नाही. आवाज? माझ्या कानाला तरी स्वस्तातल्या वायरलेसपेक्षा थोडा भरीवच वाटतो, मोजून बघितलेलं नाही, पण एडिट करताना जाणवतं. बांधावर खुर्ची टाकून बसवलं, माणूस शांतपणे बोलतोय, तर यापेक्षा जास्त पैसे घालायची गरज नाही असं माझं मत. फक्त तुमच्या फोनला गोल जॅक नसेल तर टाईप-सीचं कनेक्टर लागेल, ते माईक इनपुट घेणारं आहे ना हे दुकानातच लावून बघा, काही नुसत्या हेडफोनसाठी असतात.

पण शेतकरी बसून बोलत नाही हो! हीच गोष्ट माझ्यासाठी निर्णायक ठरली. दोन प्रश्न होतात न होतात तोवर "चला, दाखवतोच तुम्हाला" म्हणून माणूस निघतो, आणि तेच तर आपल्याला पाहिजे असतं, कारण ऑक्टोबरच्या छाटणीबद्दल उभ्यानं सांगितलेलं आणि काडी हातात धरून सांगितलेलं यात फार फरक आहे. तो द्राक्षवेलींच्या मांडवाखालून वाकून पुढं जातो, मागं तुम्ही, मधे वायर. ती कधी खोडाला अडकते, कधी ठिबकच्या नळीत, एक हिसका बसला की क्लिप निघते, आणि माणूस एकदम थांबून स्वतःच्या शर्टाकडं बघायला लागतो. तिथून पुढं तो जपून बोलतो. आवाज परत नीट येतो, बोलणं येत नाही. जुना फोन त्याच्या खिशात ठेवून त्यालाच माईक लावायचा, हा उपाय चांगला आहे, टाळी वाजवून नंतर आवाज जुळवता येतो, पण फिरत शूट केलं की छोटे छोटे क्लिप खूप होतात आणि प्रत्येक जुळवत बसावं लागतं, शिवाय रेकॉर्डिंग चालू आहे की बंद पडलंय हे कळत नाही.

म्हणून मी वायरलेसवर आलो. दोन माईक, आणि फोनला लावायचा एक रिसीव्हर, टाईप-सीवाला. खर्च काही पट जास्त आहे आणि चार्जिंगची कटकट आहे, हे मान्य. सिग्नल २.४ गिगाहर्ट्झवर चालतो, माणसाचं अंग तो अडवतं, त्यामुळे शेतकरी पाठ करून लांब गेला तर आवाज तुटू शकतो, जवळ चालत राहायचं. त्यातलं नॉइज कॅन्सलेशन, म्हणजे आजूबाजूचा गोंगाट आपोआप कापायची सोय, मी बंदच ठेवतो, आवाज पोकळ होतो. उपरणं किंवा खांद्यावरचा टॉवेल माईकला घासतो, बायकांचं बोलणं घेताना मंगळसूत्र आपटतं, तर क्लिप पदराच्या खांद्याकडच्या बाजूला, थोडी वर, आणि ती त्यांच्या त्यांनाच लावायला द्यायची.

वाऱ्यासाठी मात्र तिन्हीला एकच नियम. स्पंज नुसता तोंडाची फुंकर अडवतो, साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांच्या पठारासारख्या ठिकाणी फरचं केसाळ कव्हरच पाहिजे, कारण वाऱ्यानं आवाज एकदा फाटला की कुठल्याच ॲपमध्ये तो पूर्ण दुरुस्त होत नाही.

बजेट अगदीच कमी असेल आणि मुलाखती बसूनच असतील तर वायरचा घ्या, काही बिघडत नाही. माणसाबरोबर चालायचं असेल तर थोडं थांबा, पैसे साठवा आणि वायरलेस घ्या. घेताना जास्तीची फर कव्हरं पण घ्या, मांडवाखाली ती काड्यांना अडकून पडतात आणि नंतर सापडत नाहीत.